मोटार काढा, कंदील फिरू द्या

दिवाळी जवळ आली की बिलोलीतल्या माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. गिऱ्हाईक फिरणारा रंगीत बल्ब हातात घेतं, उलटसुलट करून बघतं आणि विचारतं, ‘‘काका, हे चायनाचं हाय का? आपलं इंडियन दाखवा की.’’ विचारणाऱ्याची भावना खरी असते, म्हणून मीही आहे तेच सांगतो. डब्यावरचं नाव इथलं आहे, आतली मोटार आणि एलईडी कुठून आले ते डब्यावर छापलेलं नाही. गिऱ्हाईक जरा घुटमळतं, भाव करतं आणि बल्ब घेऊन जातं.

हे बोलणं ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. फिरत्या दिव्याचं मूळ गाव विचारायचंच असेल तर चौकशी मधेच सोडू नये, शेवटपर्यंत करावी. शेवटपर्यंत गेलं की कळतं, हा दिवा खरोखरच चीनमधून निघाला होता आणि वाटेत ज्यानं ज्यानं तो स्वतःच्या हातानं केला, त्याच्या त्याच्या घरचा तो होत गेला. आपल्याकडेही तो तसाच आला. गेल्या काही वर्षांत मात्र आपण तो करणं सोडलं आणि नुसता विकत आणू लागलो. मला खटकतं ते हे. पेटी कोणत्या देशातून आली, हा मुद्दा माझ्या लेखी त्यापुढं लहान आहे.

आधी घरातल्या वस्तूपासून सुरुवात करतो. माझ्या पिढीच्या लोकांना धबधब्याची फ्रेम आठवत असेल. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, गोदावरीकाठच्या बासरला, नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपासच्या दुकानांत ती मिळायची. बटण दाबलं की डोंगरावरून पाणी कोसळताना दिसायचं. कुणाच्या फ्रेममध्ये मक्का-मदिना आणि मागं सरकणारा उजेड, कुणाकडे तिरुपतीचा बालाजी आणि त्याच्याभोवती फिरणारी किरणं. देगलूर रोडवरच्या हॉटेलात गल्ल्याच्या मागं, न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर, नव्या जोडप्याच्या बैठकीत ती मानाच्या जागी असायची. बंद पडली की माझ्याकडे यायची.

मागचा पुठ्ठा काढला की सगळी करामत उघडी पडे. पुढं अर्धपारदर्शक चित्र. त्यात पाण्याची जागा तेवढी पातळ रंगाची, बाकीचं चित्र मागून काळ्या रंगानं बुजवलेलं. चित्रामागं फिल्मचं एक नळकांडं, त्यावर तिरप्या पट्ट्या, आणि नळकांड्याच्या मधोमध बल्ब. नळकांडं फिरतं आडवं, पण पट्ट्या तिरप्या असल्यामुळे पाण्याच्या फटीतून बघणाऱ्याला उजेड वरून खाली सरकताना दिसतो. आत खाली जाणारं काहीच नसतं, तरी लहान मूल फ्रेमखाली हात धरून पाणी लागतं का ते बघतं. काही फ्रेमांत नळकांडं फिरवायला छोटी मोटार असे. काहींत मोटारच नसे. नळकांड्याच्या डोक्यावर पातळ पत्र्याची पाती, आणि सगळा तोल एका सुईच्या टोकावर. बल्बनं हवा तापायची, तापलेली हवा वर चढताना पात्यांना ढकलायची, नळकांडं फिरायचं. लोक ‘मोटार गेली’ म्हणून फ्रेम आणून द्यायचे. मी सुईच्या टोकावर साचलेलं धुळीचं किटण पुसायचो, बल्ब लावायचो आणि पाणी पुन्हा वाहू लागायचं.

या फ्रेमचे पूर्वज अमेरिकेत सापडतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या सीन-इन-ॲक्शन कॉर्पोरेशननं नायगारा धबधब्याचे, जंगलातल्या वणव्याचे असे टेबलावर ठेवायचे दिवे बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजलिसच्या इकॉनोलाइट कंपनीनं आगगाड्यांचे आणि जहाजांचे दिवे काढले. त्या दिव्यांनाही मोटार नव्हती. बल्बची ऊब हेच त्यांचं इंजिन. १९६३ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड क्रेवन वॉकर यांनी लाव्हा लॅम्प काढला. एका पबमध्ये त्यांनी अंडं उकडण्याची वेळ मोजणारं, द्रव भरलेलं एक काचेचं उपकरण पाहिलं आणि त्यावरून त्यांना ती कल्पना सुचली. त्यात चित्र नाही, पाती नाहीत. बाटलीतलं मेण खालच्या बल्बनं तापतं, हलकं होऊन वर चढतं, थंडावलं की खाली येतं. शोभेची वस्तू म्हणून ती आली, आणि आज सॅन फ्रान्सिस्कोतल्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या कार्यालयात अशा दिव्यांची एक भिंतच मांडलेली आहे. कॅमेरा त्या मेणाच्या हालचाली टिपतो आणि त्यातून इंटरनेटवरच्या गुप्त व्यवहारांसाठी अंदाज न बांधता येणारे आकडे काढले जातात, कारण मेणाचा गोळा पुढच्या क्षणी कुठं असेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही.

पण या सगळ्यांचा मूळपुरुष शोधायला चीनमध्येच जावं लागतं. तिथं सोंग राजवटीत, म्हणजे इसवी सन ९६० ते १२७९ या काळात, नववर्षानंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या दिव्यांच्या सणात धावत्या घोड्यांचे कंदील लावत. आत मेणबत्ती, तिच्यावर कागदी चक्र, चक्राला लटकलेले कागदी घोडेस्वार, आणि बाहेरच्या कागदावर एकामागून एक पळणाऱ्या सावल्या. जोसेफ नीडहॅम या ब्रिटिश अभ्यासकानं चीनच्या विज्ञानाचा जो थोर इतिहास लिहिला, त्यात या कंदिलाची आणि त्याच्याही आधीच्या यंत्रांची दखल आहे. दुसऱ्या शतकात चांगआन शहरातल्या डिंग ह्वान नावाच्या कारागिरानं नऊ मजल्यांची एक धूपदाणी केली होती आणि तिच्यावरचे प्राणी-पक्षी आपोआप हलत, अशी नोंद चिनी ग्रंथांत आहे. म्हणजे ज्याला आम्ही दुकानदार आज ‘डेकोरेशन आयटम’ म्हणतो, त्याची वंशावळ अठराशे वर्षं मागं जाते.

चीनकडून हा कंदील जपानला गेला. युरोपात तर लिओनार्दो दा विंचीनं चुलीवर मांस भाजण्याची सळई धुराड्यातून वर जाणाऱ्या गरम हवेच्या जोरावर फिरवण्याचं यंत्र रेखाटून ठेवलं आहे. जर्मनीच्या एर्झगेबिर्ग या खाणींच्या डोंगराळ भागात नाताळात आजही लाकडी मनोरे लावतात. खाली मेणबत्त्या, वर लाकडी पाती, मधल्या मजल्यांवर फिरणारे खाणकामगार, मेंढपाळ आणि देवदूत. हे चित्र पाहिलं की मला आपल्याकडच्या बैलगाड्या आणि वारकरी आठवतात. चक्र सगळीकडे तेच, त्याच्यावर कोण चढवायचं ते गावानं ठरवायचं.

आपल्या बाजूला येणारा रस्ता इराणवरून जातो. फारसीत आणि पुढं उर्दूत फानूस-ए-खयाल या नावानं हा कंदील कवींच्या ओळखीचा होता. उमर खय्यामच्या नावावर असलेल्या एका रुबाईत माणसांना या कंदिलातल्या फिरत्या आकृत्यांची उपमा दिली आहे. १८५९ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अनुवादातून खय्याम जगभर पोचला. मराठीत तो आणला माधव ज्युलियन यांनी. ते स्वतः फारसीचे प्राध्यापक होते आणि त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला. त्यामुळे मराठी वाचकाला त्या जगाची ओळख थेट फारसी जाणणाऱ्या माणसाकडून झाली.

मराठवाड्याला तर फारसी-उर्दू कधी परकी नव्हतीच. उर्दूचे आरंभीचे थोर कवी वली आणि सिराज औरंगाबादचे. आमच्या बिलोलीतली जुनी दगडी मशीद औरंगजेबाच्या काळातल्या सरफराज खान यांच्या नावानं ओळखली जाते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि आजही एखाद्या घराच्या भाऊबंदकीत जुना कागद निघाला की तो वाचायला उर्दू जाणणारा म्हातारा शोधावा लागतो. पूर्वेला मांजरा ओलांडली की तेलुगू मुलूख, आणि त्या तेलुगू परंपरेत तोलु बोम्मलाट हा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ: पांढरा पडदा, मागं दिवा, पडद्यावर रामायण. खाली सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर मंडळींनीही चामड्याच्या बाहुल्यांची अशीच परंपरा जपली आहे. दिव्यापुढं आकृती धरावी आणि सावलीला चालतं-बोलतं करावं, ही हौस आपल्या चहूबाजूंना होती.

सामानही एकच होतं. बुरडाकडच्या बांबूच्या कामट्या, खळ, पतंगी कागद आणि बेगड. मोहरमच्या ताबुताला हेच लागायचं, गणपतीच्या मखराला हेच आणि आकाशकंदिलालाही हेच. आमच्या भागातल्या कितीतरी गावांत ताबूत उभारायला हिंदू हात लागत आणि मखराची बेगड कापायला मुसलमान हात. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा चढवायची आपली रीत जुनी आहे. त्या दिव्याभोवती कागदाची चांदणी आली आणि चांदणीच्या पोटात फिरतं चक्रही आलं. फिरता कंदील असा मराठी घराच्या दारात टांगला गेला, आणि तो परका आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

हलत्या चित्रांचं वेड महाराष्ट्रात कुठवर गेलं होतं त्याचा एक दाखला द्यायलाच हवा. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं पडदा, आणि रामायण-महाभारतातल्या कथा. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे त्याच्या आधीच आपल्याकडचं एक कुटुंब पडद्यावर चित्रं हलवत होतं. सिनेमाचा इतिहास सांगताना आपण दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात करतो, फार तर सावेदादांपर्यंत मागं जातो. पटवर्धनांचं नाव शाळेतल्या मुलांना माहीतच नसतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्या फिरत्या रंगीत बल्बकडे येतो. तो मी विकतो, आणि उघडूनही पाहतो, कारण दिवाळीनंतर त्यातले बरेच दुरुस्तीला येतात. वर रंगीत काचेसारख्या प्लास्टिकची भिंगं बसवलेली टोपी, खाली तीन रंगांचे एलईडी, त्याखाली करंगळीच्या पेराएवढी मोटार आणि प्लास्टिकची दातेरी चाकं. दाते झिजतात. मग मोटार घुंऽऽ करत राहते आणि टोपी जागची हलत नाही. ते चाक सुटं मिळत नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो की नवा घ्या, आणि तेही मान डोलावून नवा घेतं. पण त्याच्याबरोबर आलेलं लेकरू विचारतं, ‘‘काका, हे आतून कसं फिरतंय?’’ यावर मी काय दाखवू? चिकटवलेली डबी आहे, उघडली की तुटते. मोटार फिरते म्हणून टोपी फिरते, आणि मोटार का फिरते ते बघायला आत काही उघडं नाही.

जुन्या फिरत्या कंदिलात प्रत्येक कारण डोळ्यांसमोर असतं. तो करायला लागतं काय? एका लाकडी पाटीवर बॅटन होल्डर बसवायचा आणि त्यात बल्ब उभा लावायचा. बल्ब साध्या, पारदर्शक काचेचा हवा. दुधी काचेच्या बल्बनं सावली पसरट पडते, तारेच्या बल्बनं रेखीव. मोडक्या छत्रीची एक काडी घेऊन ती पाटीत ठोकायची, बल्बच्या कडेनं वर नेऊन बल्बच्या माथ्यावर आणायची आणि तिच्या टोकाला बारीक तारेनं शिवणाची सुई उभी बांधायची, टोक वर. मग ड्रॉइंगच्या जाड कागदाची गोल चकती कापायची. मधला रुपयाएवढा भाग सोडून कडेपर्यंत बारा चिरा द्यायच्या आणि प्रत्येक पाकळीची एकच कड खाली वाकवायची, बाराही पाकळ्यांची त्याच बाजूची. चकतीच्या मध्यभागी खालून टिचबटणाचा खळगा असलेला भाग चिकटवायचा. हा खळगा सुईच्या टोकावर टेकतो. चकतीच्या कडेला हलक्या कागदाचं नळकांडं, त्यावर काळ्या कागदाच्या आकृत्या. बाहेर कामट्यांचा सांगाडा आणि त्याला बटर पेपर.

इथं सगळी गंमत पाकळ्यांच्या वळणात आहे. पाकळीची उजवी कड वाकवली तर कंदील एका दिशेनं फिरतो, डावी वाकवली तर उलट. म्हणून आकृत्या चिकटवण्याआधी चकती एकदा फिरवून पाहावी लागते. ते विसरलं तर घोडे मागं पळतात आणि दिंडी पंढरपूरहून उलटी निघते. खालून हवा यायला जागा ठेवली नाही तर कंदील थोडा हलतो आणि थांबतो, कारण वर गेलेल्या हवेच्या जागी नवी हवा यायला वाट नसते. पाकळ्या फार उभ्या केल्या तर हवा नुसती निसटून जाते, फार आडव्या ठेवल्या तर ती अडकते. मुलं हे सगळं स्वतः वाकवून, सोडून, पुन्हा वाकवून शोधतात. चकती जड झाली तर सुईवर रुतते, मग कागद बदलावा लागतो. आकृती बल्बच्या जवळ गेली की सावली राक्षसाएवढी होते, लांब नेली की लहान. हे पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा पक्कं डोक्यात बसतं.

आणि हा निव्वळ खेळ आहे असं कुणी समजू नये. परळीच्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पाती फिरवते. त्या पात्यांबरोबर जनित्र फिरतं आणि वीज तयार होते. कंदिलात वाफेच्या जागी तापलेली हवा आणि पोलादाच्या जागी कागद. ज्या लेकरानं बारा पाकळ्या वाकवून कंदील फिरवला, त्याला टर्बाइन म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. मराठवाड्यातली मुलं इंजिनिअरिंगला जाण्यासाठी लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत वर्षं घालवतात, घरचे शेत गहाण टाकून फिया भरतात. त्यांच्यातल्या किती जणांनी उष्णतेनं एखादी वस्तू स्वतःच्या हातानं फिरवून पाहिली आहे? हा प्रश्न मी माझ्या दुकानात येणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारत असतो. उत्तर बहुतेक वेळा मान हलवून मिळतं.

एक अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एलईडीवर हा कंदील फिरत नाही. साध्या पिवळ्या बल्बच्या विजेपैकी शंभरातले जेमतेम पाच भाग उजेड होतो, बाकीची सगळी उष्णता. घर उजळायला हे नुकसानीचंच होतं, म्हणून ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची उजाला योजना सुरू झाली आणि तिच्यातून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. ते योग्यच झालं. मराठवाड्यानं भारनियमनाचे दिवस सोसले आहेत, रात्रीच्या रात्री अंधारात काढल्या आहेत. वाचलेल्या युनिटची किंमत आम्हाला कुणी सांगायला नको. पण जी उष्णता घरातल्या दिव्याला वाया घालवणारी, तीच फिरत्या कंदिलाचा जीव. पिवळा बल्ब घराघरांतून गेला आणि त्याच्यामागून कंदिलाचं फिरणंही थांबलं. मग फिरण्यासाठी मोटार आली, आणि मोटारीबरोबर बंद डबी आली.

साठ वॅटचा बल्ब रोज चार तास, दिवाळीचे पाच दिवस लावला तर हिशोब होतो १.२ युनिट. एवढी वीज एका लेकराच्या शिक्षणासाठी जास्त नाही. पिवळा बल्ब मिळत नाही असंही नाही. मी अजून ठेवतो, कारण कोंबडीची पिल्लं वाढवणारे लोक उबेसाठी तो नेतात. मागणी राहिली तर बाकीचे दुकानदारही ठेवतील.

दुसरी अडचण आगीची. जुन्या कंदिलात मेणबत्ती किंवा पणती असे आणि वाऱ्यानं कागद पेटल्याची उदाहरणं प्रत्येक गावात निघतील. म्हणून मी मुलांना मेणबत्तीचा आग्रह धरत नाही. बल्ब लावावा, कागद बल्बपासून चार बोटं दूर ठेवावा, वायरला जोड नसावा, आणि कंदील सुरू असताना घरातलं मोठं माणूस जवळ असावं. होल्डरची जोडणी मुलांनी स्वतः करू नये, वायरमनकडून करून घ्यावी. एवढी काळजी घेतली तर हा कंदील वर्गात टेबलावर ठेवायला काही हरकत नाही.

म्हणून माझं म्हणणं शाळांना, गणेश मंडळांना आणि पालकांना आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत आपण दरवर्षी तेच बघतो: थर्माकोलचा ज्वालामुखी, पवनचक्कीच्या पात्याला मागून लावलेली मोटार, विकत आणलेलं तयार किट. पवनचक्की मोटारीनं फिरवायची आणि परीक्षकांनी तिला गुण द्यायचे, हे मला अजिबात पटत नाही. शिक्षकांनी एक नियम करावा. जे मॉडेल फिरतं ते कशानं फिरतं, ते मुलानं उघडून दाखवलं पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळांत पैसा कमी असतो हे मला माहीत आहे, पण या कंदिलाला लागणारं सामान एका छोट्या पिशवीत मावतं आणि निम्मं घरातच सापडतं. टिचबटण आईच्या शिवणाच्या डब्यात, छत्रीची काडी माळ्यावर, कामट्या बुरडाकडे. सहामाही परीक्षा संपल्यावर आणि सुट्टी लागण्याआधीचे दोन दिवस शाळेत तसेही रिकामे जातात. तेच यासाठी धरावेत.

गणेश मंडळं मूर्तीमागं मोटारीचं चक्र लावतात, तिथं एखाद्या वर्षी त्यांनी मुलांचे कंदील ओळीनं मांडून पाहावेत. मोहरममध्ये ज्या गावांत ताबूत उठतो, तिथल्या जुन्या कारागिरांना शाळेत बोलवावं. कामटी कशी तासायची आणि ओल्या खळीवर कागद सुरकुतू न देता कसा ताणायचा, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला येत नाही, आणि ते हात आता थकत चालले आहेत. कंदिलावर घोडे हवेतच असं नाही. बिलोलीच्या लेकरानं मांजरेतल्या वाळूच्या गाड्या कापाव्यात, माळेगावच्या यात्रेतले उंट आणि गाढवं कापावीत, कापसाच्या बैलगाड्या आणि नांदेडची एसटी कापावी. डिंग ह्वाननं त्याच्या धूपदाणीवर प्राणी-पक्षी बसवले, जर्मन खाणवाल्यांनी खाणकामगार बसवले. आपल्या मुलांनी आपली गल्ली बसवावी, मग तो कंदील चायनाचा आहे का, हे विचारायला कुणी येणार नाही.

माझ्या परीनं मी यंदा सुरुवात करतोय. बिलोली तालुक्यातल्या कुठल्याही शाळेतल्या मुलानं स्वतः केलेला फिरता कंदील वसुबारसेला दुकानात आणावा. होल्डर, वायर आणि पिवळा बल्ब माझ्याकडून. जोडणी मी करून देईन आणि भाऊबीजेपर्यंत ते सगळे कंदील दुकानाच्या ओट्यावर टांगलेले राहतील. बक्षीस कुणाला द्यायचं ते ओट्यावर येणारे लोक ठरवतील. अट एकच: कंदील उघडता आला पाहिजे, आणि आत मोटार सापडली तर तो परत घेऊन जावा लागेल.